प्रश्न सव्विसावा

बसा. डाव्या बाजूला भार नका देऊ, खुर्ची डुगडुगते.
न्यूपोर्ट न्यूजच्या या गोदीत
खुर्च्यांना कुणी मागचं विचारत नाही,
म्हणून त्या आत, आणि मी दाराशी.

नाव वर्नेटा रिडिक. वय एकोणपन्नास.
बावीस वर्षं वेल्डिंग.
जहाजाच्या पोटात, जिथं आडवं झाल्याशिवाय
श्वास घेता येत नाही, तिथं मी जोड दिलेत,
आणि ते पाण्याखाली अजून तोंड मिटून आहेत.
आता गुडघे गेले.
वरच्या मजल्यावर आराखडे तपासायची जागा निघाली,
त्या दाराला तुमची सही लागते.

तर सव्विसावा प्रश्न.
गेल्या सात वर्षांत कुणाचं देणं थकलं का?
थकलं. मीही थकले. दोन्ही लिहा.

पहिलं हॉस्पिटलचं. आईचं डायलिसिस,
आठवड्याला तीन खेपा, विम्याने मध्येच हात वर केले.
अकरा हजार चारशे.
दुसरं लोनीच्या ट्रकचं. ट्रक त्याचा, सही माझी.
तो टेक्ससला गेला तो बसने,
ट्रक मागे राहिला, सहीसकट.
तिसरं एक कार्ड. त्यावर काय घेतलं म्हणाल
तर मुलीचा ट्रॉम्बोन. अजून वाजवते ती. बरा वाजवते.

माझी पत तीन आकड्यांची आहे. पाचशे बारा.
माझ्या आईची पत चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची,
तिला आकडा नव्हता.

तुम्ही विचारता, या देण्यापायी
कुणी परका माणूस मला गाठेल का,
पाकीट पुढे सरकवेल, हळूच म्हणेल,
एक कागद दे, सगळं फिटेल.
साहेब, गाठणारे मला पुष्कळ भेटले.
ऐन जेवणाच्या वेळी फोन करायचे, नाव चुकीचं घ्यायचे.
त्यांतल्या एकानेही काही देऊ केलं नाही.

आणि धाक कशाचा घालणार?
ट्रक उचलून नेला तो मार्चात, पहाटे पाचला,
पिवळा दिवा गरगरत होता, साखळी करकरत होती.
मिसेस बाउल्वेअर गाऊनवर कोट चढवून अंगणात आल्या.
समोर पडदा हलला.
सगळ्या गल्लीला ठाऊक. पाद्रीबुवांना ठाऊक.
माझे केस कापणारीला तर रकमेसकट ठाऊक.
झाकून ठेवलं असतं तर कुणी किंमत लावली असती,
उघड्यावर पडलेल्याला गिऱ्हाईक कुठलं?

ही बिस्किटांची डबी. यात पावत्या आहेत.
दर महिन्याच्या पंधरा तारखेला पंच्याऐंशी डॉलर.
एका नोव्हेंबरात चाळीसच आहेत,
त्या महिन्यात आई गेली.
मोजा. मी थांबते.

आणखी एक आहे, तुमच्या कागदांत नसलेलं.
मिसेस बाउल्वेअरचे हातउसने तीनशे.
चिठ्ठी नाही, व्याज नाही, मुदत नाही.
त्या कधीच मागत नाहीत,
म्हणून सगळ्यात जड तेच.
घाला ना यादीत. कुठल्या रकान्यात बसेल?

तुमचा फोन वाजतोय.
घ्या, मी बाहेर थांब–
नको?

नंबर पाहिलात. नाव नव्हतं त्याला.
अंगठ्याने आवाज दाबलात
आणि फोन पालथा घातलात,
टेबलाच्या कडेला, अगदी हलक्या हाताने,
वर न पाहता.

तो अंगठा माझ्या ओळखीचा आहे.
सहा वर्षं तो माझ्या हाताला होता.

विचारा पुढचं. सत्ताविसावा.
मी काही पाहिलेलं नाही.