शेऱ्याचा रकाना

निफाडला आज पारा साडेचारवर.
वायनरीच्या मागं, बॉयलरच्या पलीकडं
चोथ्याचा ढीग वाफाळतोय
लग्नघरातल्या चुलवणासारखा.

मी हातभर लांब थर्मामीटर त्याच्या पोटात खुपसते.
वहीत तीन रकाने : तारीख, तापमान, शेरा.
त्रेसष्ट.
शेऱ्यात काय लिहू?
ढिगाच्या कुशीत भुरी झोपलीय.

कुत्रीचं नाव भुरी. पानावर बसते तशी राखी म्हणून.
या गावात तिला मोठ्यानं हाक मारली
की माणसं आधी पानं उलटून बघतात.

हे त्रेसष्ट म्हणजे ऑक्टोबरातलं ऊन.
पानानं त्यातलं घेतलं किती?
शंभरातलं एखादं.
बाकी मातीवर सांडलं, पत्र्यावर, छाटणीवाल्यांच्या मानेवर.
त्या एकातलं काही मण्यात उतरून गोड झालं,
टाकीत यीस्टनं खाल्लं,
बूच लावून पुण्याला गेलं.
सालीत चिकटून राहिलं ते इथं आलं.
आत कोट्यवधी जण बसलेत, तोंड नसलेले,
जेवतायत, आणि जेवता जेवता तापतायत.
त्यांची ती धग भुरीच्या पोटाला लागते
आणि तिथून आभाळात जाते.
कायमची.
माझ्या वहीत तिला रकाना नाही.

नत्राचं तसं नाही. ते घुटमळतं.
पालाशही. स्फुरद तर मातीला धरूनच बसतं.
तरी दर ट्रकमागं थोडं थोडं गाव सोडतं,
म्हणून सिन्नरकडून धुळा कोळपे येतो,
दोनशे मेंढरं तीन रात्री वावरात बसवतो.
त्याच्या डोंगरावरचं गवत
चालत चालत येतं आमच्याकडं,
लेंड्या टाकतं,
आणि रात्रीला दोन पायल्या बाजरी घेऊन
पुढं चांदोरीला जातं.

ढीग पालटायला कचरूतात्या.
आधीची दोन भावंडं वाचली नाहीत,
म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं,
नाव कचरू.
मरणाला वाटावं, टाकून दिलेलंच आहे.
सत्तरी ओलांडली. मरण अजून फसलेलंच.
मी एकदा म्हटलं, तात्या,
बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फिरतं म्हणतात.
तो म्हणाला, बारा कशाला,
पाणी बेतानं मार, नव्वद दिवसांत फिरतंय.

जुन्या ढिगाच्या कडेला, जिथं आता गार झालंय,
हुमणीच्या अळ्या.
भारद्वाज येतो, मालकासारखा चालत,
एक उचलतो, एक सोडतो.
बांधावरच्या बाभळीखाली त्याची पांढरी विष्ठा.
तिथलं गवत इतर गवताहून बोटभर उंच आहे.
मी मोजलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी भुरी व्याली. तिथंच, चोथ्यात.
चार पिल्लं. सकाळपर्यंत तीन.
लॅबमधून येईपर्यंत तात्याचं फावडं धुऊन झालं होतं.
कुठं पुरलं?
त्यानं हनुवटीनं ढिगाकडं खूण केली.
मला नियम माहीत होते, प्राण्याचे अवशेष वगैरे,
तोंडापर्यंत आलेही.
तो म्हणाला, बाहेर लई गार हुतं गं.
आत ऊब हाये.

एप्रिलात खरड छाटणी झाली की
हा ढीग सरीत पडेल,
कुठल्या ओळीत, कोण सांगणार.

आज चौसष्ट.
थर्मामीटर काढला, लगेच पुसला नाही,
दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिले
तो गार होईपर्यंत.
भुरीनं एक डोळा उघडून पाहिलं, मिटला.
तीन तोंडं तिला ओढत होती.
शेरा कोराच ठेवला.