वाळूची कंटिन्युइटी

पहाटे साडेचारला जानस गुलची पिकअप
चाकांतली अर्धी हवा सोडून
डांबरावरून वाळूत उतरते.
मागे मी, खजुराच्या तीन झावळ्या, एक ब्लोअर,
आणि उंटांच्या झुलींचं पोतं.
आज रास अल खैमाला
जैसलमेरचं काम आहे.

माझं काम एवढंच :
या टेकाडावर आजवर कुणीच आलेलं नाही
असं टेकाडाला दिसायला लावायचं.
नायिका चढते. कट.
मग कॅमेऱ्याची चार माणसं चढतात, छत्रीवाला चढतो,
मेकअपची लोर्ना चढते, पावडर, पाणी, कंगवा,
सगळे उतरले की रेवती मॅडम वॉकीवर ओरडतात,
"वाळू!"
वाळू म्हणजे मी.

वरून खाली, उलट्या पावली, झावळी ओढत
मी स्वतःचीच पावलं पुसत येतो.
जमीन सारवताना सरकतात तसं मागे मागे,
शेवटी आपण उंबऱ्याबाहेर.
मग ब्लोअरने हलक्या हाताने वाऱ्याच्या वळ्या काढायच्या.
खरा वारा हे फुकटात करतो,
पण त्याला कॉलटाइम कळत नाही.

सातव्या टेकला हेलिकॉप्टर.
आठव्याला उंटाने तिची ओढणी तोंडात धरली.
नववा छान होता,
म्हणून दिग्दर्शकाला वाटलं, दहावा आणखी छान होईल.
मग ढग आला. इथे, ढग!
अर्ध्या युनिटने त्याचे फोटो काढले.
तो गेला तेव्हा ऊन डोक्यावर,
लेन्स बदलायला चाळीस मिनिटं,
कपात करक, करकमध्ये वाळू, दातांत वाळू,
जनरेटरच्या सावलीत बाबुकुट्टी
मुलीच्या फीचे हप्ते बोटांवर मोजतोय.
सिनेमा म्हणजे वाट बघण्याची नोकरी,
जेवणासकट.

पण "रोल" म्हटलं की
बाबुकुट्टी चहाचा घोट तोंडातच धरतो.
साठ माणसांत कुणालाच खोकला येत नाही.
उंटसुद्धा रवंथ थांबवतो
(हे मी थोडं वाढवून सांगतोय).
मी टेकाडामागे पालथा,
फ्रेमच्या हद्दीपासून वीस फुटांवर,
वरची वाळू भाजतेय, खालची अजून रात्रीची गार,
आणि पलीकडून तिचं पाऊल रुतल्याचा आवाज येतो,
फस्स.
चौदा वर्षं झाली गल्फमध्ये :
गोदाम, डक्टिंग, मॉलचे सरकते जिने.
पोटात असा गोळा कुठेच आला नव्हता.

सिनेमा लागला. अजमानच्या खोलीतले आम्ही पाच जण गेलो.
"ती बघा वाळू," मी म्हणालो.
"कुठली?" नसीर म्हणाला. पडदाभर वाळूच होती.
अकरा सेकंद.
डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ,
पाल सरपटून गेल्यासारखी :
अकराव्या टेकला माझा हात थरथरला होता, ती.
कुणालाच दिसली नाही.
मॅडमना कळवावं म्हणून मेसेज लिहिला,
खोडला.

पुढच्या शुक्रवारी, कुणाला न सांगता,
पस्तीस दिरहम देऊन
ती रेघ परत बघून आलो.