शुक्रवारचं विरजण

साओ जॉर्ज बेटावर, आमच्या चीजच्या डेअरीत,
शुक्रवारी साडेचारला झुल्मीरा पिशवीतून काढायची
साबणाच्या वडीएवढी काळी ड्राइव्ह.
केबल पहिल्या खेपेला कधी बसत नसे.
ती उलटी करायची, पुन्हा सुलटी,
मधल्यामध्ये एखाद्या संताला दोन शब्द सुनवायची.

"फोल्डर उचल, इकडे टाक. झालं.
यात काही मोठी विद्या नाही, इलीदियू."
दुधाचे हिशोब, गाईंच्या लशी, बोटीची बिलं,
'अंतिम', 'अंतिम नवं', 'हेच खरं अंतिम'.
पडद्यावर हिरवी पट्टी सरकायची:
चौदा मिनिटं बाकी, मग दोन,
मग एकदम चाळीस.
तेवढ्यात ती कॉफीचे कप विसळून घ्यायची.

दर आठवड्याला कशाला, मी विचारलं एकदा.
तिने खिडकीतून खाली बोट दाखवलं.
आमारू आजची बादलीभर निवळी
उद्याच्या विरजणासाठी बाजूला ठेवत होता.
"हा विसरला, तर उद्याचं दूध नुसतं दूधच राहील."

ड्राइव्ह मात्र ऑफिसच्या कपाटात नाही. घरी.
भूकंपात तिच्या बापाच्या सगळ्या वह्या गेल्या, म्हणतात;
तेव्हापासून हे घराणं ताकही फुंकून पितं.
निवृत्त झाली तरी ड्राइव्हचा मुक्काम तिच्याकडेच.
मी शुक्रवारी दारात देऊन यायचो.

जानेवारीत वीज पडली, बुधवारी.
कॉम्प्युटरला जळक्या केसांचा वास.
तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला,
पुसून दिली ड्राइव्ह, एक अक्षर बोलली नाही.
सोमवार-मंगळवारचं दूध तेवढं गेलं,
ते पावत्या पुढ्यात घेऊन पुन्हा लिहिलं.
बाकी सगळं जागच्या जागी.

आणि लशींच्या दोन याद्यांमध्ये चेंगरलेलं
एक पत्र, अकरा वर्षांपूर्वीचं:
मी, झुल्मीरा, राजीनामा देत आहे,
टोरांटोला बहिणीकडे जात आहे, कायमची.
खाली सहीची जागा कोरी.
म्हणजे अकरा वर्षं दर शुक्रवारी
तिने ते घरी नेलं
आणि पुढच्या शुक्रवारी परत आणलं.

आज केबल तिसऱ्या खेपेला बसली.
पडदा विचारतो,
या नावाची फाइल आधीच आहे. बदलायची का?
खाली आमारू बादलीवर झाकण ठेवतो, खण्णकन.
मी 'दोन्ही ठेवा' दाबतो
आणि कप विसळायला उठतो.