चार ओळी थांब

हॅलिफॅक्सच्या वर, माळाच्या कडेला
पाणी येतं कोऱ्या चहाच्या रंगाचं.
कुजलेल्या शेवाळातून झिरपत आंबट होऊन येतं,
आणि आम्ही त्याला चुना लावतो.
चुना लावणे म्हणजे आमच्याकडे काय,
ते मी मॉरीन ओल्डरॉइडला समजावलं होतं;
ती इतकी हसली की सुईवरचे दोन टाके सुटले.

सत्त्याऐंशीचा मार्च. रात्रपाळी.
पानाला चुना जास्त झाला तर जीभ लगेच सांगते.
इथे जीभ अकरा मिनिटं लांब आहे:
चुना पडतो टाकीच्या तोंडाशी,
कळतो पाइपाच्या दुसऱ्या टोकाला.
मधली अकरा मिनिटं पाणी काही बोलत नाही.

मी नवी, पदवी ताजी, हात शिवशिवणारे.
सामूचा काटा साडेसहावर. हवाय आठ.
व्हॉल्व्ह उघड. अजून साडेसहाच?
आणखी उघड. अजून?
आणि मग सगळा चुना एकदम पोचतो,
काटा साडेनऊवर, मी घाबरून सगळं बंद करते,
अकरा मिनिटांनी पुन्हा आंबट.
कागदावर लाल शाईचे डोंगर,
प्रत्येक आधीच्याहून उंच.
याला हंटिंग म्हणतात, मॉरीन म्हणाली.
शिकार चाललेली खरी,
सावज कुठेच दिसत नव्हतं.

पेटीवर तीन बटणं.
पहिलं आत्ताची चूक बघतं,
तेवढ्यापुरतं रागावतं.
दुसरं हातचा धरतं. मघाची, त्याआधीची, सगळी बाकी बेरजेत.
व्हॉल्व्ह सताड उघडा, आणखी उघडायला जागा नाही,
तरी ते मोजत बसतं,
आणि सगळं ठीक झाल्यावरही
जुनं येणं फिटेपर्यंत चुना ओतत राहतं.
माझा भाऊ असाच आहे.
मीही.
तिसरं उतारावरून पुढचं ओळखायला जातं;
एखादा बुडबुडा प्रोबला चाटून गेला तरी दचकतं.
मॉरीननं ते कधीचंच शून्यावर ठेवलेलं.
दुधानं तोंड पोळलंय बिचाऱ्याचं, मी मनात म्हटलं.

खिशात दिगंबरचं पत्र होतं, कऱ्हाडहून.
बारा दिवस इकडे यायला, बारा तिकडे जायला.
छापखाना विकायचा की नाही, यावरून भांडण.
तो माझ्या फेब्रुवारीतल्या रागाला मार्चात उत्तर देतो,
तोवर माझा राग उतरलेला असतो,
त्याचं उत्तर वाचून नवा चढतो,
आणि तो कऱ्हाडला पोचेल तेव्हा
त्याची माफी कुठल्यातरी विमानात असेल.

मॉरीननं पहिलं बटण निम्म्यावर आणलं,
दुसरं जवळजवळ बंदच,
आणि काट्याकडे पाठ करून विणायला बसली.
अकरा मिनिटं म्हणजे तिच्या चार ओळी,
सुलटी, उलटी, सुलटी, उलटी.
तोवर बघायचं नाही. हात लावायचा नाही.
कॉलेजात समीकरणं सगळी शिकवली होती.
हाताचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.
मी चहा केला. तो प्यायला.
पुन्हा केला.
तिनं एकदाच बटण केसभर फिरवलं
आणि लोकरीचा नवा गुंडा घेतला.

पाचच्या सुमाराला डोंगरांच्या टेकड्या झाल्या,
टेकड्यांचे शेताचे बांध.
मग रेघ नुसतीच थरथरत राहिली, आठच्या आसपास.
अगदी सरळ कधी होते? मी विचारलं.
सरळ दिसली की पळत जा, ती म्हणाली,
प्रोब मेलेला असतो.

सकाळी बसथांब्यावर
गुडघ्यावर निळं हवाई पत्र ठेवून चार ओळी लिहिल्या:
इथे अजून थंडी आहे.
छापखान्याचं वाचलं.
आईचा गुडघा कसा आहे?
घाई नको करूया.

पाचवी तयार होती, चांगली धारदार.
तेवढ्यात बस आली.

ती अजून पाठ आहे मला.