जुनं नाव

रावपुऱ्यातला भाजीवाला
तिच्यासाठी सडकी लिंबं वेगळी ठेवायचा.
'फूगवाळां बेन आव्यां,' पोराला सांगायचा.
ती भाव पूर्ण द्यायची.

आमच्याकडे लोणचं बुरसलं की
बरणी घासायच्या आधी आई मला पिटाळायची,
जा, टिपणीसबाईंना विचार, हवंय का.
हवं असायचंच.
डोळ्यातलं कुसळ काढावं तशी
ती सुईनं साय उचलायची,
मग मी भिंगात वाकून बघायचो:
निळ्या रंगात बुडालेल्या टाचण्या,
एकेकीच्या डोक्यावर काळं ओझं.

विश्वामित्रीच्या काठी,
मगरींसाठी शिपाई बाळूभाई काठी आपटत पुढे,
पडलेल्या शिरसाच्या खोडावर
तिला ती सापडली. हळदीच्या रंगाची, नखाएवढी.
सात वर्षं लागली नाव ठेवायला.
नावात तिनं नदी घातली,
स्वतःला नाही.

मग प्रागहून पत्र आलं.
हीच बुरशी कुणा पाद्र्यानं जावा बेटावर
एकोणचाळीस वर्षं आधी नोंदवलेली.
नियम साधा: जुनं नाव राहतं.

एकशे बारा पाकिटांवरची नदी
तिनं स्वतःच खोडली,
पट्टी धरून, एकेक रेघ,
आणि वर पाद्र्यानं ठेवलेलं नाव लिहिलं,
स्पेलिंग दोनदा तपासून.
मग बाळूभाईला म्हणाली, चहा टाका. आलं जास्त.

निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला.
शाल बाळूभाईच्या सुनेला गेली.
नारळ तिनं फोडला नाही,
मोरीशेजारच्या खिडकीत ठेवला
आणि रोज सकाळी त्याच्या डोळ्यांवर भिंग धरून
मला विचारायची,
पैज लाव, आधी कोण येतंय?