हाडातून

झेन, नव्व्याण्णव सालची. मी तिसरी मालकीण.
आधीचे दोघे आरसी बुकात आहेत
आणि थोडेसे सीटच्या फटीत :
एक आकडा, चेंबूरच्या लॉन्ड्रीची पावती,
खडा झालेली अर्धी लिमलेटची गोळी.

सायनच्या सिग्नलला काटा चढायचा,
गाडी सुटली की निमूट उतरायचा.
तिघांनी तीन निदानं केली,
एकाने तर हेड उघडायची तारीखही दिली.
इसाक पावसकरांनी बॉनेटला हात लावला नाही.
कुर्ल्याला, कमानीपुढच्या त्यांच्या दीड गाळ्यात
बशीतला चहा संपवत म्हणाले,
"चालताना थंड, उभ्याने गरम?
मग पाणी नाय बाय. पंखा."
आणि मग हॉर्नचा रिले उपटून पंख्याच्या जागी खोचला.
पंखा फिरला.
हॉर्न गेला.
नवा रिले सोमवारी येणार होता.
शनिवार-रविवार मी मुंबईत बिनहॉर्नची गाडी चालवली,
काच खाली करून "अहो, अहो" म्हणत.

पुढे जाणं-येणं वाढलं.
सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'कट्' :
मी बॅटरीचे पैसे काढून गेले होते,
त्यांनी अर्थची वायर सोडवली. टोकाला हिरवट पीठ.
पॉलिश पेपरने घासली, पुन्हा आवळली.
"खोट वस्तूत कमी, जोडात जास्त,"
एवढं बोलून वीस रुपयेही घेतले नाहीत.
स्टिअरिंग पूर्ण कापलं की टकटकटक :
एक्सलचं रबर फाटलेलं, ग्रीस चाकाच्या आत उडालेलं.
तो जॉइंट सीएसटी रोडला मिळाला,
कुठल्यातरी मेलेल्या झेनचा.
पायाखालचं मॅट उचललं तर रस्ता दिसला.
त्यावर पत्रा मारलाय.

मी कान तपासते. सरकारी इस्पितळ, तळमजला,
फोमच्या भिंतींची खोली.
"आवाज आला की बोट वर करा,"
दिवसातून तीसदा.
म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं.
ते डावा कान पुढे करून ऐकतात.
मागून रिक्षा आली की दचकतात.
लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवून
त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटून.
गेल्या महिन्यात ती मूठ दातांत होती.

"टॅपेट वाजतायत," मी म्हटलं.
"वाजतायत?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे नाही.
"आता नाय ना वाजत?"
वाजत होते. बारीक, शिवणयंत्रासारखे,
चार हजार हर्ट्झच्या आसपास.
चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर ऐकलेल्या कानातून
आधी हाच पट्टा जातो.
हे मी रोज कुणाच्या तरी केसपेपरवर लिहिते.
इथे केसपेपर नव्हता.

इंजिन गार व्हायला दीड तास.
मग त्यांनी झाकण काढलं,
फटीत फीलरची पाती सरकवली, ओढली.
"ओल्या बोटाला कागद अडतो ना,
तेवढीच अडली पाहिजे."
हे काम कानांचं नव्हतंच.
एकेक स्क्रू पाव-पाव फेरा.
"साफ गप्प नाय करायचे.
गप्प टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.
थोडं बोलू दे त्यांना."

झाकण लागलं. मला सीटवर बसवलं.
"चालू करा. जास्त वाजला तर हॉर्न मारा.
तेवढा येतो ऐकू."

समोर उघडं बॉनेट, त्यामागे ते.
मला त्यांचे फक्त चपलांतले पाय दिसत होते.
मी डोळे मिटले.
टेम्पो रिव्हर्स घेत होता, शेजारी कुणी पत्रा ठोकत होतं.
त्याखाली माझं इंजिन, बऱ्यापैकी शांत,
आणि त्याच्याही खाली, उजव्या टोकाला, एक.

मी हॉर्न दाबला.
बॉनेटच्या कडेवर
एक तेलकट बोट वर झालं.