डोळ्यांखालच्या पिशव्या

इन्स्पेक्टर ड्रोस्टच्या डोळ्यांखाली दोन पिशव्या आहेत.
त्या माझ्या वाट्याला आल्यात.
करारच तसा आहे:
पहिली मुद्रा आणि शेवटची मुद्रा म्युनिकहून येते,
मधली अकरा चित्रं आमची.
खामल्यात, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरचं पाणी टॅबलेटवर उडू नये म्हणून
मध्ये पुठ्ठा लावून
आम्ही एका माणसाला
उभं राहण्यापासून बसण्यापर्यंत नेतो.

तिकडे म्हणे दर शुक्रवारी लागायचा हा,
खराखुरा, माणसाचा, राखाडी कोटातला,
आणि जेवणं थांबायची.
आता त्याच गंभीर मालिकेचं कार्टून.
प्रेत उठून बसतं, साहेबाची चूक सुधारतं,
परत पडतं.
म्हातारी केक कापता कापता कबुली देते,
हा ऐकतच नाही,
याला अजून वीस मिनिटं काढायची असतात.
रूपेश पौनीकर हसून हसून पोह्यांवरची तर्री
शर्टावर घेतो.
मी हसत नाही. मला पिशव्या आहेत.

पापणी खाली येताना पिशवीनं किती हलावं
हे कोणी लिहून पाठवत नाही.
पहिल्या खेपेला सगळं परत आलं,
लाल शेरा: थकवा कमी पडतोय.

त्या रात्री गोळीबार चौकात, घरी,
बाबा बनियनवर बसून
विजेचं बिल डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते.
हवालदार निनावे, चौतीस वर्षं नोकरी.
दोन पिशव्या. डावी जरा मोठी,
चौकीतल्या बाकावर त्या कुशीवर झोपायचे.
पापणी आधी उतरते,
पिशवी मागून येते,
घटनास्थळी पोचणाऱ्या जीपसारखी, उशिरा.
मी बिलाच्या पाकिटावरच काढून घेतलं.
अकराच्या अकरा मंजूर.

मग त्यांना दाखवलं, मोबाइलवर.
"हा कोनता साहेब?"
जर्मनीचा.
"अन् पंचनामा? पंच कोन हाये?
गळ्यापर्यंत कोट घालून कोनी मुडद्यापाशी उभं राह्यते का?"
तिकडं थंडी असते, बाबा.
"असन."
तेवढ्यात प्रेतानं बोट वर केलं,
म्हणालं, साहेब, तुमचं चुकतंय, तो डावखुरा होता.
बाबांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला.
"असं उठून सांगतलं असतं त…"

पुढचं आईला माहीत आहे, तीही अर्धंच सांगते.
नाग नदीच्या पुलाशी एक सायकल, हिरवी.
कॅरिअरला डबा. डबा भरलेला.
बाकी काही नाही, कोणी नाही,
आणि तो कागद पुढच्या साहेबाकडे,
त्याच्याकडून त्याच्या पुढच्या साहेबाकडे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत पाहायला
आम्ही नेहमीच्या पानठेल्यापाशी उभे होतो.
काळी गेली, पिवळी गेली,
घेऊन जा गे मारबत, म्हणत पोरं घसा फोडत होती,
मागून बडगे: खड्ड्यांचा, महागाईचा,
एक मोबाइलचा, त्याला खऱ्या चार्जरची शेपटी.
बाबा म्हणाले, "बडग्या कोनाचाबी होत नाही.
आधी त्यानं लोकाईच्या घरात घुसा लागते."
मला ड्रोस्ट आठवला.
प्रत्येक खून तासाभरात सुटतो,
हे ज्यानं वर्षानुवर्षं जेवणाच्या ताटासमोर सांगितलं
त्याची मिरवणूक निघणारच.
पण खांद्यावर घेतात तेव्हा
बडग्यासुद्धा किती जपून घेतात.

शेवटचा प्रसंग परवा आला.
पहिली मुद्रा: साहेब चष्मा काढतो.
शेवटची: प्रकरण मिटलं, साहेब हसतो.
हे मधलं अंतर
मी आजवर काढलेल्यांत सगळ्यात लांब.
चार रात्री गेल्या, चित्रामागे त्रेपन्न रुपये.
सहाव्या चित्रात, काचेच्या कोपऱ्यात,
ठिपक्याएवढी एक सायकल टेकवून ठेवली.
डोळा लवतो त्याच्याही आत निघून जाईल.

म्युनिकहून विचारणा आली आज:
सहाव्यात काही हिरवं दिसतंय.
धूळ आहे का?

हो, लिहिलं मी.
इकडची.
निघत नाही.